आठ सेहेचाळीसला स्टेज पडलं, पण वारा आठलाच सांगितला होता: इंडियाना स्टेट फेअर, २०११

१३ ऑगस्ट २०११, शनिवार. अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये इंडियाना स्टेट फेअर चालू होती, स्टेट फेअर म्हणजे राज्याची वार्षिक जत्राच, आणि रात्री ग्रँडस्टँडसमोरच्या उघड्या स्टेजवर शुगरलँड या कंट्री म्युझिकवाल्या बँडचा शो होता. सुरुवातीला सारा बॅरेलिस गाऊन गेली होती, मुख्य बँड यायचा बाकी होता, लोक वाट बघत उभे. ८ वाजून ४६ मिनिटांनी वाऱ्याचा एक जोरदार झोत आला आणि स्टेजवरचं अख्खं छप्पर, ट्रस (धातूच्या नळ्यांचा जाळीदार सांगाडा), लाइट, स्पीकर सगळ्यासकट, खाली आलं. ७ माणसं गेली, ५८ जखमी झाली. गेलेल्यांत स्टेजच्या अगदी पुढे उभे असलेले प्रेक्षक होते, एक सिक्युरिटी गार्ड होता आणि वर ट्रसमध्ये बसून स्पॉटलाइट चालवणारा एक कामगारही होता.

त्याचा व्हिडिओ नेटवर आहे, लोकांनी मोबाइलवर घेतलेला. आधी धूळ उडताना दिसते, मग छपराचं कापड फडफडून सुटतं, मग सगळा सांगाडा एका बाजूला कलतो आणि काही सेकंदांत संपतं. तेव्हाचे गव्हर्नर मिच डॅनियल्स नंतर या अर्थाचं बोलले की ही विचित्र योगायोगाची घटना, असं काही होईल हे कुणाला आधी कळणार. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच वाक्यामुळे, कारण पुढच्या वर्षी जे दोन मोठे चौकशी अहवाल आले ते वाचले की कळतं, त्या संध्याकाळी वाऱ्याबद्दलची माहिती भरपूर होती, कमी होती ती दुसरीच एक गोष्ट.

छप्पर कशावर उभं होतं

अशा स्टेजचं छप्पर म्हणजे अॅल्युमिनियमच्या ट्रसची चौकट, ती उभ्या खांबांवर वर चढवलेली, आणि तिला खाली लाइट-साउंड टांगलेलं. उभं वजन खांब आरामात घेतात. प्रश्न आडव्या जोराचा असतो. वारा छपराला आणि कापडाला बाजूने ढकलतो, खांब उंच आणि सडपातळ, त्यामुळे त्यांना जागेवर धरायला चारी बाजूंनी ताणाच्या वायर लावतात आणि त्या खाली कशाला तरी बांधतात. इथे त्या बांधल्या होत्या जर्सी बॅरियरना, म्हणजे रस्त्यावर लेन वेगळी करायला ठेवतात ते काँक्रीटचे लांबट ठोकळे. ते जमिनीत रोवलेले नव्हते, नुसते वर ठेवलेले.

ठोकळा दिसायला दणकट दिसतो हे खरं, आणि फसगत तिथेच होते, कारण ठोकळ्याचं वजन म्हणजे ठोकळ्याची पकड नाही. तो जागेवर राहतो तो जमिनीशी होणाऱ्या घर्षणावर, आणि वायर तिरकी वर जात असेल तर ती ठोकळ्याला नुसतं बाजूला ओढत नाही, थोडं वरही उचलते, म्हणजे घर्षणाला मिळणारं वजनच कमी होतं. समजा २ टनांचा ठोकळा आहे, वायर ४५ अंशात आहे आणि जमिनीवरची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर हिशोब करून बघा, वायरमध्ये १ टनापेक्षाही थोडा कमी ताण आला की ठोकळा सरकायला लागतो. जमीन ओली किंवा गुळगुळीत असेल तर त्याहून कमी. आणि एक सरकला की त्या बाजूची वायर ढिली पडते, खांब कलतो, भार बाकीच्या वायरांवर जातो आणि मग त्याही.

थॉर्नटन टोमासेट्टी या इंजिनिअरिंग कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बांधकामाच्या सरकारी नियमांप्रमाणे असं स्टेज ताशी ६८ मैल, म्हणजे साधारण १०९ किलोमीटरचा वारा सहन करणारं हवं होतं. त्या रात्री पडताना वारा होता ताशी ५९ मैल, सुमारे ९५ किलोमीटर. आणि ठोकळे व वायर मिळून ती व्यवस्था प्रत्यक्षात झेलू शकत होती, वारा कुठल्या दिशेने येतो त्यावर अवलंबून, ताशी २५ ते ४३ मैल, म्हणजे ४० ते ६९ किलोमीटर. ठोकळे पुरेसे जड असते तरी ताण बांधायला वापरलेले पट्टे आणि त्यांचे जोड पुरले नसते, असंही त्यात आहे.

सगळ्यांनी चर्चा केली ५९ ची, मला धक्का बसतो तो २५ चा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट स्केलवर ६ नंबरचा वारा, त्यात झाडाच्या मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री धरायला त्रास होतो. वादळ वगैरे काही नाही, वर्षातून कितीतरी वेळा येणारा वारा. म्हणजे चुकीच्या दिशेने आला असता तर छत्री उलटवणाऱ्या वाऱ्यानेही ते ठोकळे हलायची शक्यता होती.

इथे वाऱ्याचं एक गणित माहीत असायला हवं, ते नसलं की आकडे फसवतात. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला जेमतेम ८ किलो वजनाइतका जोर येतो, ६४ ला सुमारे २० किलो, ९५ ला ४३ किलोच्या वर. चालत्या गाडीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढला की गाडीचा वेग थोडाच वाढला तरी हात एकदम मागे फेकला जातो, तेच. त्यामुळे ‘४३ झेलतं आणि ५९ आला, थोडाच जास्त की’ असं वाटतं, पण जोराच्या हिशोबात तो जवळजवळ १.९ पट होतो. आणि २५ च्या दिशेने धरला तर साडेपाच पट.

त्या संध्याकाळी कुणाला काय माहीत होतं

दुपारपासूनच वादळी हवेचा अंदाज होता. फेअरचे लोक नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या हवामान खात्याच्या, संपर्कात होते, फोनवर बोलणं होत होतं. रात्री ८ च्या सुमारास त्यांना सांगण्यात आलं की वादळ येतंय, १ इंचाच्या गारा आणि ताशी ४० मैलांपर्यंत वारा, फेअरच्या मैदानावर साधारण ९:१५ ला पोचेल. ८:३९ ला त्या भागासाठी अधिकृत सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग, म्हणजे तीव्र गडगडाटी वादळाचा इशारा, निघाली. अमेरिकेत ही वॉर्निंग काढायला वारा ताशी ५८ मैल किंवा गारा १ इंच असाव्या लागतात, म्हणजे ती निघाली याचा अर्थच मामला गंभीर.

आता हे ८ वाजताचं ‘४० मैल’ परत बघा. ४० मैल हा आकडा २५ ते ४३ च्या आत बसतो. म्हणजे शो सुरू व्हायच्या जवळपास पाऊण तास आधी जो सौम्य वाटणारा अंदाज आला होता, तोच त्या छपरासाठी धोक्याचा होता. ५९ ची वाट बघायची गरजच नव्हती. पण ऐकणाऱ्याला हे कळणार कसं, कारण आपलं स्टेज किती वारा झेलतं हा आकडा निर्णय घेणाऱ्यांच्या हातात नव्हता. हवामान खातं बिचारं वाऱ्याचा वेग सांगतं, तो वेग कशाशी लावून बघायचा हे त्याला माहीत नसतं, ते तुम्हाला माहीत पाहिजे. ४० मैल ऐकून कुणी म्हणेल ‘थोडा वारा सुटेल’, कुणी म्हणेल ‘बंद करा’, दोघंही अंदाजानेच बोलणार.

८:४५ ला माइकवरून घोषणा झाली. पश्चिमेला ढग दिसतायत, ते निघून जातील अशी आशा आहे पण नाहीही जाणार, शो मधे थांबवावा लागला तर शांतपणे बाहेर पडा आणि पलीकडच्या पक्क्या इमारतींत जा, वादळ गेलं की शो परत चालू करायचा प्रयत्न करू, आणि हो, दोन मिनिटांत बँडला स्टेजवर आणतोय. सगळा मजकूर असा. बाहेर पडायची सूचना पण आहे आणि थांबायचं आमंत्रण पण आहे, तिकीट काढून पुढची जागा पकडलेला माणूस यातलं काय ऐकेल हे सांगायला नको. त्याच वेळी फेअरचे वरिष्ठ आणि पोलिस अधिकारी लोकांना हलवायच्या निर्णयापर्यंत आले होते. ते जाहीर व्हायच्या आत ८:४६ झाले.

दुसरा अहवाल विट असोसिएट्स या आपत्ती व्यवस्थापनातल्या सल्लागार कंपनीचा, तो या बाजूवर आहे आणि माझ्या मते जास्त बोचरा आहे. हवामानामुळे शो थांबवायचा किंवा पुढे ढकलायचा अधिकार नेमका कुणाचा, हेच तिथे स्पष्ट नव्हतं. फेअरकडून शो उशिरा सुरू करण्याबद्दल विचारणा मधल्या माणसांमार्फत बँडच्या मॅनेजमेंटकडे गेली, तिकडचा कल सुरू करण्याकडे होता, तेच उत्तर मधल्या माणसांमार्फत परत आलं, आणि यात वेळ गेला. प्रत्येकाला वाटत होतं की शेवटचा शब्द दुसऱ्याचा आहे. यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही, लागतो तो एक कोरा रकाना, जिथे निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायला हवं होतं.

त्याच रात्री, त्याच वादळाच्या वाटेवर, शहराच्या उत्तरेला फिशर्समध्ये कॉनर प्रेअरी नावाच्या जागी इंडियानापोलिस सिम्फनी ऑर्केस्ट्राचा उघड्यावरचा कार्यक्रम होता. तिथे आयोजकांनी वादळ पोचायच्या आधीच कार्यक्रम थांबवला आणि लोकांना बाहेर काढलं. तेच आकाश, तीच हवामान माहिती. तिथे नंतर बातमी झालीच नाही, म्हणजे झाली ती फक्त तुलनेसाठी.

झोत वादळाच्या आधी येतो

९:१५ ला येणारं संकट ८:४६ ला कसं आलं, याचं उत्तर गस्ट फ्रंटमध्ये आहे. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते, तिची पुढची कड ढगाच्या कितीतरी पुढे धावते. त्यामुळे पाऊस अजून दूर असतो, डोक्यावर अजून उजेड असू शकतो, आणि सगळ्यात वाईट वारा पहिल्यांदा येऊन जातो. ‘पाऊस सुरू झाला की बघू’ हे मोकळ्या मैदानातलं घातक वाक्य आहे. जे बघायचं ते आधी दिसतं: वारा एकदम पडतो आणि मग वेगळ्याच दिशेने सुटतो, हवा अचानक गार होते, क्षितिजावर खालच्या बाजूला गडद पट्टा किंवा धुळीची भिंत सरकताना दिसते, लांबची झाडं वाकतात पण आपल्याकडची अजून हललेली नसतात. हे दिसल्यावर हातात मिनिटं असतात, तीही थोडी.

आणि म्हणून ‘कुणाला कळणार’ हे पटत नाही. त्याच उन्हाळ्यात १७ जुलैला कॅनडात ओटावा ब्लूजफेस्ट या संगीत महोत्सवात चीप ट्रिक या बँडच्या शोच्या वेळी स्टेज वाऱ्याने पडलं होतं, म्हणजे इंडियानाच्या महिनाभर आधी. २००९ मध्ये कॅनडातच अल्बर्टा प्रांतात बिग व्हॅली जांबोरी या संगीत महोत्सवाला तसंच झालं आणि एक बाई गेली. इंडियानानंतर पाचच दिवसांनी, १८ ऑगस्टला, बेल्जियममध्ये पुक्केलपॉप फेस्टिव्हलवर वादळ आलं आणि ५ जण गेले. तात्पुरतं छप्पर, त्याखाली गर्दी आणि उन्हाळ्यातलं गडगडाटी वादळ, हे तिन्ही एकत्र येणं दुर्मिळ नाहीच, उघड्यावरचे शो उन्हाळ्यातच असतात की.

मग करायला काय हवं होतं

पहिलं म्हणजे एक कागद, ज्यावर या उभ्या केलेल्या स्टेजसाठी (कॅटलॉगमधल्या नव्हे, इथे या मैदानावर अशा ठोकळ्यांवर बांधलेल्या) इंजिनिअरने आकडे लिहून सही केलेली आहे. समजा त्यावर असं असतं: ताशी ४० किलोमीटरचे झोत यायला लागले की बाजूचे पडदे आणि बॅनर काढा कारण वारा पकडणारं खरं शीड तेच असतं, ५५ ला स्टेज आणि पुढची जागा रिकामी करा, वर ट्रसमधला माणूस त्याच्याही आधी खाली. आकडे प्रत्येक स्टेजचे वेगळे असणार, हे मी नुसते उदाहरणाला घेतलेत. पण ते असले की ८ वाजताच्या फोनवर वाद घालायला काही उरत नाही, ४० मैल म्हणजे ६४ किलोमीटर, कागदावरच्या रेषेच्या वर, संपलं. आणि छपराच्या उंचीवर वारा मोजायचं यंत्र पाहिजे, जमिनीवर उभं राहून वारा जोखण्यात अर्थ नाही, वर तो नेहमी जास्त असतो.

दुसरं, वेळेचा हिशोब उलटा करायचा. हजारो माणसं पक्क्या इमारतीत हलवायला समजा २५ मिनिटं लागतात आणि निर्णय तोंडातून माइकपर्यंत पोचायला ५, तर वादळ यायच्या किमान अर्धा तास आधी हलायला हवं, आणि गस्ट फ्रंट धरला तर आणखी आधी. अधिकृत वॉर्निंग त्या रात्री सात मिनिटं आधी आली. म्हणजे वॉर्निंगची वाट बघणारी योजना, ती कितीही मन लावून पाळली असती, तरी फसलीच असती. रडारवर वादळ अमुक अंतराच्या आत आलं की हलायचं, असं लिहिलेलं हवं. अशा वेळी काही शो उगाचच थांबवले जाणार, वादळ बाजूने निघून जाणार, लोक शिव्या घालणार. ते गृहीत धरावं लागतं.

तिसरं, एक नाव. एकच माणूस, ज्याने ‘थांबवा’ म्हटलं की थांबतं, ज्याला आधी कुणाला विचारावं लागत नाही, आणि ज्याचा पगार शो झाला की नाही यावर ठरत नाही. या शेवटच्या अटीवर आयोजक नाक मुरडतात, पण तीच जास्त महत्त्वाची वाटते मला.

पुढे काय झालं ते थोडक्यात. त्या काळी इंडियानात अशा तात्पुरत्या स्टेजची सरकारी तपासणी होतच नव्हती, २०१२ मध्ये त्यासाठी नियम आणले गेले. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने फेअर चालवणारं फेअर कमिशन, स्टेज पुरवणारी कंपनी आणि कामगार संघटना यांना मिळून ८०,८०० डॉलर दंड लावला. राज्यावर भरपाईची कायदेशीर मर्यादा ५० लाख डॉलरची होती, विधिमंडळाने त्यात आणखी ६० लाख घातले. कार्यक्रम उद्योगातल्या लोकांनी नंतर इव्हेंट सेफ्टी अलायन्स नावाची संस्था काढली.

आता आपण स्टेज उभारत नाही, आपण गर्दीत उभे असतो, तर तिथल्यापुरतं. आत शिरतानाच बघून ठेवा की जवळची पक्की इमारत कुठली आणि तिथे जायची वाट कुठली, दोन मिनिटांचं काम आहे. उंच तात्पुरत्या सांगाड्यापासून, मग ते छप्पर असो, स्पीकरचा मनोरा असो की मोठी स्क्रीन, त्याच्या उंचीच्या दीडपट तरी लांब उभं राहिलेलं बरं, आणि ताणाच्या वायर व ठोकळे यांच्या मधे तर अजिबात नको, कारण पडताना वायर तुटून फटकारते आणि ठोकळा फरपटत येतो. कापड फडफडून आवाज करायला लागलं, टांगलेले लाइट झुलायला लागले, वायर एकदा ढिली एकदा ताठ होताना दिसली की घोषणेची वाट बघू नका. तंबूत, झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला जाऊ नका, पक्की इमारत नसेल तर झाडं-खांबांपासून लांब लावलेली बंद गाडी मोकळ्या मैदानापेक्षा चांगली.

घरीही विचारायचं तेच असतं. गच्चीवरचा पत्रा, टाकीचं झाकण, सोलर पॅनेल, बाल्कनीतल्या कुंड्या, यातलं काय कशाने धरलंय, नुसत्या वजनावर बसलंय की खरंच बांधलंय, आणि वारा आल्यावर ते कुठे जाऊन पडेल. नुसत्या वजनावर बसलेलं असेल ते अंदाज आला त्याच दिवशी आत घ्या, झोत सुरू झाल्यावर गच्चीवर जायचं नाही, पत्रा धरून ठेवायला तर मुळीच नाही, मघाचा हिशोब आठवा, मोठा पत्रा चांगल्या झोतात माणसाच्या वजनापेक्षा जास्त ओढतो. वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या, कारण तिथून हवा आत घुसली की छपराला खालून ढकलते आणि वरून वारा आधीच खेचत असतो.

त्या रात्री छप्पर पडल्यावर गर्दीतले बरेचसे लोक पळून न जाता उलट त्या ढिगाकडे धावले आणि ट्रस हातांनी उचलून धरली, खाली अडकलेल्यांना बाहेर काढायला. त्यांच्या हिमतीला तोड नाही. फक्त अशा ढिगात विजेच्या जिवंत केबल असतात आणि काही भाग अजून वायरच्या ताणावर लटकलेले असतात, एक उचलला की दुसरा सरकतो. म्हणून आधी जनरेटर आणि मेन सप्लाय बंद झालाय का हे ओरडून विचारायचं, आणि उचलायचं ते सगळ्यांनी एकाच माणसाच्या सांगण्यावर, एकदम.